वूचौच्या नावाड्यांचं पुढं काय झालं

इझाबेलला ती बातमी विरारच्या मासळी बाजारात लागली. शहाण्णव साल असेल. तिच्याकडून सुके बोंबील नेणारी चंद्रकांता नावाची एक बाई होती, बोळिंजच्या एका नव्या बिल्डिंगीत राहणारी. भाव करता करता ती सहज बोलून गेली, "मावशी, तुमच्या मिस्टरांसारखाच एक चिनी म्हातारा आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलाय. मुलाचं स्टेशनजवळ हॉटेल आहे. म्हातारा दिवसभर गॅलरीत बसलेला असतो. बोलायला कुणी नाही बिचाऱ्याला."

इझाबेलनं उरलेली मासळी शेजारणीच्या पाटीत रिकामी केली आणि मिळेल त्या एसटीनं पाचूबंदर गाठलं. तिचा नवरा बंदरावर होता. हिलरीची, म्हणजे तिच्या भावाची, बोट वाळूत ओढून ठेवली होती आणि तिच्या सावलीत बसून तो फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. पंचाहत्तरी उलटली होती तरी बंदरावरचं बारीकसारीक काम त्याच्याचकडे यायचं. सारा गाव त्याला चिनी अंतोन म्हणायचा.

"बोलिंजला एक चिनी आयलाय," इझाबेल म्हणाली. "म्हातारा हाय. तुझ्यापेक्षा पन म्हातारा."

अंतोनची हातोडी थांबली नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कुठला?"

"कुठला म्हंजे? चीनचा."

"चीन मोठा हाय. कुठला?"

ते काही तिला सांगता आलं नाही. पण तो संध्याकाळी लवकर घरी आला, आणि न सांगता न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला.

अंतोन कुठला हे इझाबेलला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. त्याच्या गावाचं नाव वूचौ. तिथं दोन नद्या मिळतात, एक हिरवी आणि एक मातकट, आणि मिळाल्यावरही कितीतरी अंतर त्या एकमेकींत न मिसळता शेजारीशेजारी वाहतात. तो मराठी शिकला ते पाचूबंदरातच, त्यामुळे तो बोलायचा ती कोळ्यांची बोली, आणि तिच्यात 'तुम्ही' नव्हतंच. फादरला तू, फौजदारालाही तू. त्या बोलीत तो चीनच्या लढाया सांगायचा तेव्हा बंदरावरची माणसं हसायची, कारण मोठमोठे सेनापती त्याच्या तोंडी जाळ्यावरून भांडणाऱ्या नाखव्यांसारखे बोलायचे.

इझाबेलला मात्र त्या लढाया पाठ झाल्या होत्या. दक्षिण चीनमध्ये क्वांगशी आणि क्वांगतुंग हे दोन शेजारी प्रांत. क्वांगशी डोंगराळ आणि गरीब, क्वांगतुंग समुद्राकाठचा आणि पैसेवाला, कँटन शहर त्यातलंच. वूचौ क्वांगशीत, पण अगदी उंबऱ्यावर. डोंगरापलीकडची अफू नदीवाटे कँटनला जायची ती वूचौच्या घाटावरून, आणि तिची जकात ज्याच्या हातात त्याच्याकडे बंदुका. बादशाही संपलेली होती. प्रांताप्रांतात सेनापती राजे होऊन बसले होते आणि त्यांच्या हाताखालचे सरदार त्यांची जागा घ्यायला टपलेले होते.

"आयनं मला पाठीला बांधून पयल्यांदा पलवला तेवा मी वर्साचा," अंतोन सांगायचा. तेव्हा क्वांगतुंगची फौज नदीनं वर आली होती आणि क्वांगशीच्या बुढ्या सेनापतीला, जो आधी दरोडेखोर होता, तिनं हाकलून दिलं होतं. मग ती फौज परत गेली. मग क्वांगशीत तीन तरुण सेनापती पुढे आले आणि त्यांनी सगळा प्रांत एक केला. लोक म्हणाले, आता बरे दिवस येतील. चार वर्षांत त्या तिघांनी नानकिंगच्या मध्यवर्ती सरकारशी वैर घेतलं, नानकिंगनं त्यांचेच सरदार पैसे देऊन फोडले, आणि क्वांगतुंगची फौज पुन्हा वूचौत आली. अंतोनच्या बापानं घरात दोन झेंडे ठेवलेले होते. एक दाराला, दुसरा तांदळाच्या मडक्याखाली. फौज बदलली की झेंडा बदलायचा.

बाप नावाडी होता, आणि थोरला भाऊ आशुई हा त्याचा उजवा हात. अंतोनचं तेव्हाचं नाव आफुक, आणि तो आशुईच्या खांद्यावर बसून नदीवर जायचा. क्वांगशीच्या शिपायांनी एक दिवस नाव जप्त केली आणि नावेबरोबर आशुईलाही दोरीनं बांधून नेलं, दारूगोळा ओढायला. पुढल्या वर्षी तीच नाव क्वांगतुंगवाल्यांनी पकडली. नावाडी तेच राहिले, नाव तीच, दारूगोळा फक्त दुसऱ्याचा. आफुकनं त्याला घाटावरून एकदा पाहिलं. काठाकाठानं चिखलातून नावाड्यांची रांग दोर ओढत चालली होती, आणि तिसरा आशुई होता. आफुक हाक मारणार तोच आशुईनं मान हलवली. मारू नकोस. शिपाई जवळ होता.

त्यानंतर तो दिसला नाही. पुढे क्वांगतुंगच्या सेनापतीचंही नानकिंगशी बिनसलं आणि काल ज्यांच्यावर तोफा डागल्या ते क्वांगशीचे सेनापती एकाएकी त्याचे भाऊ झाले. वूचौच्या घाटावर फटाके लावले. कैदी सोडणार अशी दवंडी फिरली. बाप रोज घाटावर जाऊन उभा राहायचा. शिपाई परत आले, स्वयंपाकी परत आले, एक हात गेलेला शेजारी परत आला. नावाडी कुणीच आले नाहीत.

अंतोन सोळा वर्षांचा झाला तेव्हा पुन्हा नवं युद्ध उभं राहिलं. आईनं त्याला भाजीच्या नावेत घालून हाँगकाँगला पाठवलं. तिथं तो सुतारकी शिकला, जहाजावर सुतार म्हणून चढला. जहाज मुंबईत असतानाच हाँगकाँग जपान्यांच्या हातात गेलं आणि तो माझगावच्या गोदीत राहिला. तिथून इझाबेलच्या बापानं त्याला एक बोट बांधायला पाचूबंदरला आणलं. बोट बांधून झाली तरी तो परत गेला नाही. देवळात बाप्तिस्मा घेऊन अंतोन झाला, लग्न झालं, फ्लॉसी झाली. बासष्टच्या युद्धानंतर पोलीस आले आणि त्याला राजस्थानातल्या छावणीत घेऊन गेले. फादरनी लिहिलं, गावानं सह्या केल्या, उपयोग झाला नाही. तो पासष्ट साली सुटून आला तो केस पांढरे घेऊन. माझगावचे चिनी सुतार तोवर निघून गेले होते, कोण हाँगकाँगला, कोण कॅनडाला. तेव्हापासून त्याची भाषा बंद पडली. बोटावर हातोडी बसली की एखादा शब्द बाहेर पडायचा, तेवढाच.

म्हणून त्या रविवारी मिस्सा झाल्यावर बोळिंजला जाताना इझाबेलला थोडी भीती वाटत होती. वाटलं, ह्याला आता बोलता तरी येईल का.

दार हेन्री चाननं उघडलं. तो चाळिशीचा, कलकत्त्यात जन्मलेला, हिंदी बोलणारा. "आओ अंकल, आओ आंटी," म्हणाला. आत गॅलरीत त्याचा बाप बसला होता. उंच, सरळ पाठीचा, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. अंतोन दाराशीच थबकला आणि एक वाक्य बोलला. म्हाताऱ्या चाननं मान वळवली, डोळे बारीक केले आणि उत्तर दिलं. मग दोघं जे बोलायला लागले ते थांबेचनात. इझाबेल सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिनं नवऱ्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, तोंड उघडून, मागच्या पडलेल्या दाढेची जागा दिसेपर्यंत. तिला आनंद झाला आणि थोडा रागही आला. हा माणूस इतकी वर्षं कुठं होता, असं वाटलं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. अंतोन खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखा. चान शिकलेला होता, हा नावाड्याचा मुलगा. तिनं हेन्रीला विचारलं तेव्हा तो हसला. "अंकल पापाजी से बहुत इज्जत से बात कर रहे हैं," म्हणाला. म्हणजे त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला 'तुम्ही' येत होतं.

मग दर रविवारी जाणं सुरू झालं. पावसाळाभर गेले. अंतोन शनिवारी रात्रीच शर्ट काढून ठेवायचा. चान त्याला चहा पाजायचा, भुईमुगाच्या शेंगा द्यायचा, कागदावर अक्षरं काढून दाखवायचा. अंतोन बंदरावर काम करताना पुटपुटायला लागला. हिलरी म्हणाला, "तुझा नवरा आता कामाच्या टायमाला गाना बोलतो." इझाबेलनं विचारलं तेव्हा अंतोन म्हणाला, गाणं नाही, विसरलेले शब्द आठवतोय.

चान कँटनकडचा, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तो तरुणपणी काय करत होता ते अंतोननं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. ते निघालं नाताळाच्या आधीच्या एका रविवारी. पुढे जे झालं ते इझाबेलला हेन्रीनं जिन्याखाली थोडं आणि नंतर ती एकटी गेली तेव्हा सगळं सांगितलं, म्हणून तिला ते शब्दाशब्दानं माहीत होतं.

चान सांगत होता की त्यानं नद्या मिळतात ती जागा पाहिली आहे, एक हिरवी, एक मातकट. अंतोननं विचारलं, कधी? चान म्हणाला, क्वांगतुंगच्या फौजेबरोबर. ब्रिगेडच्या कचेरीत मी कारकून होतो. वूचौला वर्षभर होतो, जकातघराच्या मागे आमची कचेरी होती.

इझाबेलला शब्द कळले नाहीत, पण अंतोनचा रंग गेलेला तिला दिसला. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुम्ही नावाडी पकडले होते. दोर ओढायला. त्यांचं पुढं काय झालं?"

चाननं कप खाली ठेवला. "ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "सांगतो. पण ते कळायला आधी आम्ही वूचौला का आलो ते समजून घ्यायला हवं."

तिथंच सगळं बिघडलं. चान म्हातारा, शिकलेला, आणि साठ वर्षं त्याला हे सांगायला कुणी मिळालं नव्हतं. तो मुळापासून सुरू झाला. क्वांगशीचे तिघे सेनापती किती लोभी होते, अफूच्या जकातीवर कसे माजले, कँटनवर त्यांचा कसा डोळा होता, म्हणून क्वांगतुंगला नाइलाजानं यावं लागलं. अंतोननं थोडं ऐकलं. मग म्हणाला, नाइलाजानं आलात तर अफूची जकात का घेतलीत? चान म्हणाला, फौजेला खायला लागतं. अंतोन म्हणाला, आमच्या फौजेलाही लागत होतं.

"तुमची फौज," चान म्हणाला. "डोंगरातले दरोडेखोर."

"आणि तुमची? तुमच्या सेनापतीची विमानं त्याच्याच वैमानिकांनी नानकिंगला नेऊन विकली. सारी विमानं. शेवटी तो हाँगकाँगला पळाला."

"तो पळाला कारण तुमच्या लोकांनी त्याला एकटं टाकलं. एकत्र लढू म्हणाले, आणि स्वतः नानकिंगशी तह करून मोठ्या जागा घेतल्या. तुमचा मोठा सेनापती तर जिकडे खुर्ची तिकडे. म्हातारपणी अमेरिकेतून पेकिंगला गेला, ज्यांच्याशी जन्मभर लढला त्या कम्युनिस्टांकडे, आणि विमानतळावर हार घालून घेतले."

हे अंतोनला नवीन होतं. त्यानं विचारलं, कुठल्या साली? चाननं सांगितलं, पासष्ट. त्याच साली अंतोन छावणीतून सुटला होता. पण हे तो बोलला नाही. तो बोलला ते वेगळंच. "माझा भाऊ तुम्ही नेलात," तो म्हणाला, आणि आवाज चढला होता.

"आम्ही?" चान काठी टेकून उभा राहिला. "आम्ही त्याला बांधलेलाच पकडला. आधी दोरी कुणी बांधली? तुझ्याच सेनापतींनी."

ते खरं होतं, आणि म्हणूनच अंतोनला सहन झालं नाही. तो उठला आणि कँटनच्या लोकांबद्दल असं काही बोलला की हेन्रीनं ते इझाबेलला कधी सांगितलं नाही. चाननं त्याला अफूचा हमाल म्हटलं. दोघांच्या वयाची बेरीज दीडशेच्या वर, आणि दोघंही उभे. हेन्री मध्ये पडला, इझाबेलनं नवऱ्याचा दंड धरला. ते खाली उतरले तेव्हा मागोमाग हेन्री धावत आला, बोंबलांची पिशवी घेऊन. "पापाजी ने वापस भेजा है," तो म्हणाला, आणि त्याला रडू येईल असं वाटत होतं.

एसटीत इझाबेलनं विचारलं, "भावाचं काय बोलला?"

"काय नाय."

"इचारलंस का नाय?"

"इचारलं. तो दुसराच बोलत बसला."

"मग तू बी दुसराच बोललास."

अंतोननं खिडकीकडे तोंड फिरवलं. सोपारा मागे पडलं. मग म्हणाला, "त्यानं माफी मागायला पायजे."

पाचूबंदरात हे ऐकून लोकांना गंमत वाटली. मेलेल्या सेनापतींवरून दोन म्हातारे भांडले, तेही बोळिंजच्या गॅलरीत. इझाबेलला गंमत वाटली नाही. मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीत दोन पुढाऱ्यांनी दोन पॅनल उभी केली होती, तेव्हापासून हिलरी आपल्या चुलतभावाशी बोलत नव्हता, आणि ते दोन पुढारी केव्हाच एका पक्षात जाऊन बसले होते. चुलतभावाच्या पोरीचं लग्न झालं तेव्हा हिलरी समोरच्याच घरात दार लावून बसला होता. असली भांडणं कशी मिटत नाहीत ते तिला माहीत होतं.

चाळीसा, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाल्यावर ती एकटीच बोळिंजला गेली. चांगली दोन पापलेटं घेऊन गेली. चान गॅलरीत तसाच बसला होता. बारीक झाला होता. हेन्रीला मध्ये घालून ती म्हणाली, "ह्याला सांग, मी माझ्या नवऱ्याच्या वतीनं हात जोडतंय. नावाड्यांचं काय झालं तेवढं मला सांग. मी जाऊन त्याला सांगीन."

हेन्रीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं खाली रस्त्यावरच्या पाण्याच्या टँकरकडे पाहिलं. मग बोलला. हेन्री म्हणाला, "बोल रहे हैं, आपको नहीं बताएँगे. उसके भाई की बात है, उसी को बताएँगे. उसको बोलो आ जाए."

"जिता सुटला का मेला, तेवढं तरी."

हेन्रीनं पुन्हा विचारलं. चाननं मान हलवली. पापलेटं मात्र ठेवून घेतली.

ती घरी येऊन अंतोनला म्हणाली, "तो तुला बोलवतो. सांगनार हाय. जा."

"माफी मागितली?"

"नाय. पन बोलवतो ना."

"तो मोठा, शिकलेला. आमी हमाल. त्याच्या बोलवन्यानं जायचं, त्याच्या बोलवन्यानं यायचं. माझ्या बापानं तेच केला जनमभर." तो तासणी पुसत होता. "माफी मागंल तेवा जाईन."

तिनं फ्लॉसीला बोलावून घेतलं. फ्लॉसी गोखिवऱ्याला दिलेली, तिथंच एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. ती बापाची लाडकी. तिनं समजावलं, रागावली, रडलीही. म्हणाली, "पप्पा, माझा काका होता तो. मला कळायला नको?" अंतोननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेच सांगितलं. हिलरी म्हणाला, सोड, म्हाताऱ्यांना आपापलं करू दे. ईस्टर गेला. इझाबेल दर रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर थोडी रेंगाळायची, हा आज तरी एसटीच्या स्टॉपकडे वळेल म्हणून. तो घरी जायचा.

पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, मासळी नसते, तेव्हा इझाबेल सुकट घेऊन विरारला बसायची. चंद्रकांता आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला कळलं असेलच. चानबाबा गेले ते."

कळलं नव्हतं. झोपेतच गेले होते. हेन्रीनं पाचूबंदरच्या वाण्याकडे फोन केला होता म्हणे, पण त्या आठवड्यात पावसानं लाईन बंद होत्या. दहन होऊन गेलं होतं. आता हेन्री हॉटेल विकून कलकत्त्याला परत चालला होता.

अंतोन ऐकल्या ऐकल्या उठला. छत्रीही न घेता निघाला. इझाबेल मागून धावली. बोळिंजच्या खोलीत सामान बांधलेलं होतं, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. अंतोन भिजलेल्या कपड्यांनी गॅलरीपाशी गेला. खुर्चीही बांधलेल्या सामानात गेली होती. त्यानं हेन्रीला त्यांच्या भाषेत काही विचारलं आणि मग, कदाचित इझाबेलला कळावं म्हणून, पुन्हा मराठीत विचारलं, "तुझा बाप काय सांगनार होता?"

"अंकल, सच में नहीं मालूम," हेन्री म्हणाला. "आंटी के जाने के बाद मैंने भी पूछा था. बोले, वो आएगा तब. हर संडे को कप निकाल के रखते थे."

"आधी कदी बोलला नाय? कलकत्त्याला?"

"लड़ाई की बातें बहुत करते थे. जनरल ये, जनरल वो. नाववालों की बात कभी नहीं की."

अंतोननं मान डोलावली. हेन्रीनं चहा विचारला, त्यानं नको म्हटलं. परत येताना एसटीत तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, चानसमोर बसायचा तसा.

इझाबेलनं पुढे ह्यावर पुष्कळ विचार केला. कधी वाटायचं, म्हाताऱ्याला खरंच माहीत होतं, आणि ते वाईट होतं, म्हणून बाईला सांगता येईना. कधी वाटायचं, त्याला काहीच माहीत नव्हतं. वर्षभर कचेरीत बसलेला कारकून, त्याला कुठल्या नावाड्याचं काय माहीत असणार. एकटा होता, रविवारी कुणी यावं म्हणून तेवढं हातात धरून ठेवलं होतं. दोन्हींतलं काहीही असलं तरी आता ते बोळिंजच्या स्मशानात गेलं होतं. ती हे अंतोनला बोलली नाही. तोही त्या विषयावर बोलला नाही. बंदरावरचं पुटपुटणं बंद झालं.

दोन-तीन वर्षांत त्याचे हात थांबले. फायबरच्या बोटी यायला लागल्या होत्या, तसंही लाकडाचं काम कमी होत चाललं होतं. मग डोकं विसरू लागलं. आधी तो दिवस विसरला, मग रस्ते, मग फ्लॉसीच्या मुलांची नावं. आणि दोन हजार दोनच्या सुमारास एका सकाळी त्याची मराठी गेली. इझाबेलनं पेज पुढं केली तर तो चिनीत बोलला. तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण दुपारीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणात होतं असं, शेवटी शिकलेलं आधी जातं.

तो दिवसभर बोलायचा. खाटेवर पडून, छपराकडे बघत, लांबच्या लांब. मध्येच थांबायचा, कुणाचं तरी ऐकल्यासारखा, आणि पुन्हा सुरू. इझाबेल जवळ जाळं विणत बसायची. एवढं सांगतोय ते काय, हे तिला कळत नव्हतं. तिला वाटायचं, आता भावाचं सांगत असेल. काही आठवलं असेल, त्या चिखलातलं, दोराचं. किंवा आईचं. कदाचित माझंही. हे शेवटचं तिनं फक्त फ्लॉसीला बोलून दाखवलं, तेही मान खाली घालून.

फ्लॉसीकडे तेव्हा मोबाईल आला होता. तिनं चंद्रकांताकडून हेन्रीचा कलकत्त्याचा नंबर मिळवला आणि एका रविवारी फोन लावून बापाच्या तोंडाशी धरला. अंतोन बोलत राहिला. फोन कशाला हे त्याला कळलं नाही, पण त्याचं बोलणं थांबलं नाही. बऱ्याच वेळानं फ्लॉसीनं फोन आईच्या हातात दिला.

"आंटी," हेन्री पलीकडून म्हणाला.

"काय बोलतो? भावाचं बोलतो?"

"नहीं आंटी."

"मग?"

"झगड़ा कर रहे हैं. मेरे पापाजी के साथ. हवाई जहाज किसने बेचे, नानकिंग से पैसा किसने लिया. बीच में रुकते हैं ना, वो पापाजी का जवाब सुनते हैं. फिर बोलते हैं, नहीं, पहले तुम लोग आए थे."

"आशुईचा नाव कदी घेतला?"

"नहीं. भाई का नाम एक बार भी नहीं आया." मग तो म्हणाला, "सब जनरलों के नाम हैं. आपका नाम भी... नहीं आंटी. शायद मैंने ठीक से सुना नहीं."

इझाबेलनं फोन फ्लॉसीला परत दिला. फ्लॉसीनं विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, "काय नाय, लाईन बरोबर नव्हती. परत लावू नको."

त्यानंतर तो दीड-दोन महिने होता. ती तशीच शेजारी बसायची. आता शब्द कळत नसले तरी मजकूर माहीत होता. तो चिडला की तिला कळायचं, कुठं आलाय. कपाळाच्या शिरा ताठ व्हायच्या, हात चादरीवर आपटायचे. एकदा तो फारच कासावीस झाला, श्वास पुरेना, तेव्हा तिनं त्याचा हात दाबून धरला आणि म्हणाली, "हो. त्यांचंच चुकलं. सगला त्यांचाच दोष." कुणाचा दोष ते तिला माहीत नव्हतं. अंतोन थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखल्यासारखं नाही, पण पाहिलं. थोडा वेळ शांत पडून राहिला. मग पुन्हा सुरू झाला.

चाळीसा चालू असताना एका मंगळवारी तो गेला. पाचूबंदरच्या पोरांनी खांदा दिला. हिलरी आणि त्याचा चुलतभाऊ दोघंही आले, आणि खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. पुरण्याआधी नव्यानं बदलून आलेल्या तरुण फादरनं इझाबेलला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, त्यांच्या मूळ घरच्या कुणाला कळवायचं आहे का? आई-बाप, भाऊ?"

"नाय फादर," इझाबेल म्हणाली. "कोन नाय." आणि मुठीत घेतलेली माती तिनं पुढे होऊन खाली सोडली.